भांडी घासणारी परसबाग

घरगुती क्लीनर कोणताही असो, माझ्याकडे त्याची परीक्षा एकच. आदल्या रात्रीचं शेवभाजीचं पातेलं. तर्री गार झाली की कडेला लाल थर बसतो, आणि तो उतरला की नाही हे डोळ्यांना कळत नाही, बोटाला कळतं. आमच्या सासूबाई भांडं धुऊन झाल्यावर आतून अंगठा फिरवायच्या. कर्र असा आवाज आला तर निघालं, अंगठा सरकला तर पुन्हा घास. "फेस देखीसन भुलू नको, हात लाईसन देख," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

हे वाक्य मला उशिरा पटलं. सहा वर्षांपूर्वी व्हिडिओ पाहून मी नर्सरीतून लॅव्हेंडर, रोझमेरी आणि थाईमची रोपं आणली होती. त्यांच्या काड्या व्हिनेगरमध्ये बुडवायच्या, गाळून फरशी पुसायची, झालं घर स्वच्छ! लॅव्हेंडर एप्रिलमध्येच करपलं. थाईम मे महिन्यात गेलं. रोझमेरीने उन्हाळा कसाबसा काढला, पण पावसाळ्यात काळ्या मातीत पाणी साचून तिची मुळं सडली. ज्या खान्देशात पारा ४५च्या पुढे जातो आणि जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तिथे या झाडांची चूक काय म्हणायची?

आणि ती जगली असती तरी भांडी निघाली नसती. त्या काड्या वास देतात, साफसफाई करत होतं ते व्हिनेगर. घरातली घाण निघते ती चार गोष्टींनी: फेस, आंबट, खार आणि घासणी. फेस तेलाला पाण्यात मिसळवतो, आंबट पाण्याचे पांढरे डाग आणि पितळेचा काळपटपणा काढतं, खार (राखेत असतो तो अल्कली) चिकट तूपतेल तोडतो आणि घासणी ते सगळं खरवडून नेते. वास ही पाचवी गोष्ट, हौसेची. म्हणून बाग आखताना प्रत्येक झाडाला आधी विचारायचं की बाई, तू या चारांपैकी काय करणार? या हिशेबाने आपल्याकडे लावायचं ते असं: घासणीला गिलकं, आंबटाला कागदी लिंबू, फेसाला रिठा, खाराला केळी आणि वासाला गवती चहा. चिंच बांधावर असतेच.

गिलकं: इथून सुरुवात करा

कारण पहिल्याच वर्षी हाती काहीतरी येतं. बाकीची झाडं वाट पाहायला लावतात.

गिलक्याची भाजी आपण कोवळ्या फळाची करतो. तेच फळ वेलीवर म्हातारं होऊ दिलं की आत जाळी तयार होते, आणि ती जाळी म्हणजे घासणी. बी मृगाचा चांगला पाऊस झाल्यावर टाकावं. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून एका आळ्यात तीन-चार टोचायच्या, उगवल्यावर जोमदार दोन ठेवायच्या. दोन आळ्यांत पाचेक फूट अंतर हवं. आळ्यात दोन घमेली कुजलेलं शेणखत घाला आणि आळं जमिनीपेक्षा वीतभर उंच करा. काळ्या जमिनीत पाणी साचलं की वेल पिवळी पडते.

वेल जमिनीवर पसरू देऊ नका. कुंपणाची जाळी, जुना मांडव, गच्चीवरून सोडलेली सुतळी, काहीही चालेल. फळ लोंबतं राहिलं तर सरळ वाढतं आणि जाळीही एकसारखी होते. मातीला टेकलेलं फळ एका बाजूने कुजतं. फळमाशी येतेच. डंख मारलेलं फळ वाकडं होतं, ते लगेच तोडून खोल पुरायचं, उकिरड्यावर फेकायचं नाही.

आता मोहाचा भाग. ऑगस्टमध्ये वेल भरभरून फळं देते आणि आपण रोज भाजी करतो. करा, पण प्रत्येक वेलीवर चार-पाच फळं पहिल्याच बहरात दोरा बांधून राखून ठेवा. मी पहिल्या वर्षी शेवटची फळं घासणीसाठी सोडली. ती थंडी पडेपर्यंत पिकलीच नाहीत, आणि सोलली तेव्हा जाळीऐवजी ओला कापूस निघाला.

राखलेलं फळ आधी पिवळं होतं, मग तपकिरी, आणि हातात घेतलं तर रिकाम्या खोक्यासारखं हलकं लागतं. हलवलं की बी खुळखुळतं. दिवाळीच्या आगेमागे ही वेळ येते. तेव्हाच तोडायचं. देठाकडचं टोक मोडून बी झटकून घ्या, फळ अर्धा तास पाण्यात बुडवा, साल हाताने सुटते. आतला चिकट गर जाईपर्यंत खळबळून धुवा आणि दोन दिवस कडक उन्हात वाळवा. मग सुरीने चार-चार बोटांचे तुकडे करा. एक तुकडा भांड्यांना तीन-चार आठवडे चालतो. रोज रात्री पिळून टांगून ठेवायचा आणि आठवड्यातून एकदा ऊन दाखवायचं. काळा पडला की सरळ खतात. नॉनस्टिकवरही ही जाळी ओरखडे पाडत नाही, फक्त ती आधी पाण्यात भिजवून मऊ करून घ्या.

लिंबू आणि गवती चहा

लिंबाचं एक झाड घराला पुरतं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची 'साई सरबती' ही कागदी लिंबाची जात नर्सरीत सहज मिळते. फळं धरायला तीन-चार वर्षं जातात. लिंबाला भारी काळी जमीन सोसत नाही, म्हणून दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा खणून त्यात पोयटा, शेणखत आणि थोडा मुरूम भरावा. पाणी खोडाला लागू देऊ नका, नाहीतर खोडातून डिंक गळायला लागतो. दुहेरी आळं करा: आतलं छोटं आळं खोडाभोवती कोरडं राहतं आणि पाणी बाहेरच्या आळ्यात जातं. लिंबू स्वस्त होतं तेव्हा रस लोणच्याला आणि सरबताला जातो. साली मात्र टाकू नका, त्यांचं काम खाली येतं.

गवती चहाबद्दल फार सांगायला नको, तो मरता मरत नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला शेजारणीकडून ठोंब मागून आणा, मुळं आणि पाती थोडी छाटा, आणि मोरीचं पाणी जिथे बाहेर पडतं तिथे दोन-दोन फुटांवर लावा. साडेतीन-चार महिन्यांनी पहिली कापणी करायची. जमिनीपासून वीतभर सोडून कापा, म्हणजे पुन्हा फुटतो. तीन-चार वर्षांनी ठोंब उपटून, फोडून नव्याने लावा. मूठभर पात दोन लिटर पाण्यात दहा मिनिटं उकळून ते पाणी पुसण्याच्या बादलीत घालायचं, एवढाच त्याचा उपयोग. त्याने घाण निघत नाही. पावसाळ्यात घराला येणारा कोंदट वास झाकला जातो आणि बरं वाटतं. ते पाणी त्याच दिवशी वापरून टाका. पुदिना लावायचा असेल तर सावलीत, पसरट कुंडीत लावा, तोही वासापुरताच.

कुंडीत लावणाऱ्यांसाठी एक गोष्ट. नुसती काळी माती कुंडीत भरू नका, उन्हाळ्यात तिची वीट होते. एक भाग माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग शेणखत असं मिसळा.

रिठा: झाड लावा, पण वाट पाहू नका

रिठ्याचं झाड मोठं होतं, तीस-चाळीस फूट जातं. ते अंगणात नको, शेताच्या बांधावर लावा. बियांचं कवच दगडासारखं असतं. एका बाजूला कानशीने किंवा खडबडीत फरशीवर घासून आत फिकट रंग दिसेपर्यंत झिजवायचं, एक दिवस कोमट पाण्यात ठेवायचं आणि पिशवीत इंचभर खोल लावायचं. उगवायला महिनाही लागतो, तेव्हा पिशवी फेकून देऊ नका. बियांपासूनच्या झाडाला फळं यायला आठ-दहा वर्षं धरा. तोवर किराणा किंवा काष्ठौषधीच्या दुकानातून रिठा आणा. बिया काढून फक्त साल विकणारे असतात, तीच घ्या, वजनात फायदा होतो. शिकेकाई काटेरी वेल आहे. कुंपणाला चांगली, पण कापायला जाणाऱ्याने जाड सदरा घालून जावं. धुळे-नंदुरबारकडच्या माळरानावर हिंगणबेट आपसूक उगवतं. त्याच्या फळाच्या गरातही फेस देणारा तोच गुण आहे. तुमच्या बांधावर ते असेल तर तोडू नका.

हा गुण म्हणजे सॅपोनिन. आपल्याकडे त्याचं महत्त्व जास्त, कारण बोअरचं पाणी. क्षाराच्या पाण्यात धुण्याचा साबण कॅल्शियमला चिकटतो, त्याचा पांढरा साका होतो, आणि तो कपड्यात बसून कपडे कडक होतात. रिठ्याचा असा साका होत नाही. फेस कमी दिसतो, पण काम चालू राहतं.

गंमत म्हणजे कारखान्यातला साबणही खान्देशातच बनायचा. १९४५ साली अमळनेरात वनस्पती तुपाचा जो कारखाना उभा राहिला, त्याचीच पुढे विप्रो झाली, आणि तुपाबरोबर तिथे '७८७' हा धुण्याचा साबण निघायचा. घराघरातला रिठा मागे पडला तो असल्या साबणांमुळेच. रेशमी साडी आणि दागिने मात्र रिठ्याकडेच राहिले. सोनार अजूनही रिठ्याच्या पाण्यात दागिने धुतात.

आता कृती. पंधरा-वीस रिठ्यांची साल, म्हणजे साधारण पन्नास ग्रॅम, एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत घाला. पाणी नळाचं असेल तर उत्तम. सकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं उकळा. पातेलं मोठं घ्या, हे दुधासारखं उतू जातं आणि गॅस चिकट होतो. कोमट झाल्यावर हाताने चोळा. तोंड जरा लांब ठेवा, फेसाचा थेंब डोळ्यात गेला तर तासभर आग होते. जुन्या सुती कापडातून दोनदा गाळा. चोथा एकदा पुन्हा उकळता येतो, पण ते दुसरं पाणी पातळ असतं, ते फरशीला ठेवा.

तयार पाणी चहाच्या काढ्यासारखं तपकिरी दिसतं. तेवढ्यासाठी ते तांब्यात, ग्लासात किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ठेवू नका. बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा आणि लहान मुलांच्या हाताबाहेर ठेवा. बाहेर ते हिवाळ्यात तीन दिवस टिकतं, उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशीच आंबट वास येतो. फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं. मी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते आणि लागतील तेवढे खडे काढते.

भांड्यांना वाटीत अर्धा कप घेऊन गिलक्याची जाळी त्यात बुडवायची. शेवभाजीच्या पातेल्याला हे एकटं पुरणार नाही, खोटं कशाला सांगू? आधी पातेलं कोरड्या राखेने किंवा जुन्या वर्तमानपत्राने पुसून तेल काढा, मग गरम पाणी, मग रिठा. या क्रमाने अंगठा कर्र वाजतो, उलट्या क्रमाने नाही. बादलीभर कपड्यांना अर्धा लिटर पाणी, कपडे अर्धा तास भिजू द्यावेत. पांढऱ्याशुभ्र कपड्यांवर पिवळट झाक येऊ शकते, आधी कोपऱ्यावर करून पाहा. मशीनमध्ये टाकायचं तर सात-आठ रिठ्यांची साल जुन्या मोज्यात बांधून कोमट पाण्याच्या धुण्यात टाका. फरशीला अर्ध्या बादलीत एक कप.

हे सांडपाणी गवती चहाला, केळीला चालतं. विहिरीत, शेततळ्यात मात्र ओतू नका. सॅपोनिन माशांना विषारी असतं.

केळीची राख

रावेर-यावलच्या केळीला सांगायचं काय, 'जळगाव केळी'ला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण घड उतरल्यावर पडलेल्या खुंटाचा आणि सोपटांचा घरात काय उपयोग, हे आजीला माहीत होतं, आपण विसरलो. केळीत पोटॅशियम भरपूर असतं, म्हणून तिच्या राखेत खार चांगला उतरतो.

सोपटं कडक वाळवून लोखंडी घमेल्यात जाळा. त्यात प्लास्टिकची सुतळी, पिशवी, ठिबकचा तुकडा जाता कामा नये. रात्रभर गार होऊ द्या, मलमलीच्या कापडातून चाळा, पत्र्याच्या डब्यात भरा. ही वस्त्रगाळ राख स्टीलची, लोखंडी भांडी घासायला. पुरणपोळीचं खापरही राखेने आणि गरम पाण्याने स्वच्छ करा. मातीचं भांडं साबण पितं आणि पुढच्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पोळीला त्याचा वास लागतो.

खिडकीच्या जाळीवरचा आणि एक्झॉस्ट फॅनच्या प्लास्टिकच्या पात्यांवरचा चिकट थर काढायला राखेचं पाणी लागतं. एक वाटी राख चार वाट्या पाण्यात कालवा, रात्रभर ठेवा, वरचं नितळ पाणी अलगद ओतून घ्या. बोटांना ते निसरडं लागतं, तोच खार. रबरी हातमोजे घालूनच वापरा. अ‍ॅल्युमिनियमची कढई किंवा कुकर यात टाकला तर काळा पडतो आणि झिजतो.

आंबट: चिंच, साली आणि फुटलेली बाटली

श्रावणात कानबाई, म्हणजे आमच्या खान्देशातली देवी, बसायच्या आधी घरातलं सगळं पितळ-तांबं खाली उतरतं. तेव्हा चिंचेला तोड नाही. लिंबाएवढा चिंचेचा गोळा भिजवून त्यात चमचाभर जाडं मीठ घाला, गिलक्याच्या जाळीने गोल-गोल घासा. रंग उजळला की लगेच धुऊन कोरड्या फडक्याने पुसा. भांडं ओलं ठेवलं तर तासाभरात ठिपके उठतात आणि सगळी मेहनत वाया. कल्हई केलेल्या भांड्याला आतून आंबटही नको आणि राखही नको.

नळाच्या तोट्या, काच, बाथरूमच्या टाइल्स यांवरचे पांढरे डाग म्हणजे क्षार, आणि ते आंबटानेच जातात. काचेच्या बरणीत लिंबाच्या साली दाबून भरा, वर पांढरं व्हिनेगर ओता, दोन आठवड्यांनी गाळा. वापरताना निम्मं पाणी घाला. तोटीवर जाड थर असेल तर या पाण्यात भिजवलेलं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवा.

बायोएन्झाइम, म्हणजे गुळात आंबवलेलं सालींचं पाणी, तेही करता येतं. शंभर ग्रॅम गूळ, तीनशे ग्रॅम साली, एक लिटर पाणी. बाटली प्लास्टिकचीच घ्या आणि वरची पाव जागा रिकामी ठेवा. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून वायू सोडायचा, एकूण तीन महिने ठेवायचं. एप्रिलमध्ये मी लग्नाला चार दिवस धुळ्याला गेले आणि झाकण घट्ट राहिलं. परत आले तेव्हा बाटली फुगून फुटली होती आणि गुळाच्या पाण्यावर मुंग्यांची वारी लागली होती. काचेची असती तर काय झालं असतं, या विचाराने अजूनही अंगावर काटा येतो. उन्हाळ्यात गावाला जायचं असेल तर हा उद्योग सुरूच करू नका. तयार झालेलं एक भाग, पाणी दहा भाग, एवढं पातळ करून टाइल्स पुसता येतात.

आंबटाचा सगळ्यात मोठा घोटाळा आपल्याच घरात बसलेला असतो. शहाबादी, कोटा आणि कडप्पा हे तिन्ही चुनखडीचे दगड आहेत, संगमरवरही त्याच घरातला. लिंबू, चिंच, व्हिनेगर, बायोएन्झाइम यांतलं काहीही त्यांवर पडलं की दगड खातं. माझ्या कडप्प्याच्या ओट्यावर लिंबाच्या फोडीचा गोल पांढरट डाग आहे, तो पाच वर्षांत गेला नाही. या दगडांना रिठ्याचं पातळ पाणी वापरा. ग्लेझ्ड टाइल असेल तर आंबट चालतं.

आंबट आणि खार एकत्र करू नका. व्हिनेगरमध्ये खायचा सोडा टाकला की बुडबुडे छान येतात, पण दोघे एकमेकांना मारतात आणि हाती खारट पाणी उरतं. आणि ब्लीचिंग पावडर किंवा कोणत्याही ब्लीचमध्ये लिंबू, व्हिनेगर, बायोएन्झाइम किंवा संडासचं अ‍ॅसिड कधीच मिसळायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो.

घरात कुणाला जुलाब-उलट्या होत असतील तेव्हा रिठा-लिंबाची हौस बाजूला ठेवा. यांनी मळ जातो, जंतू मरतील याची खात्री नाही. अशा वेळी संडास-मोरीला ब्लीचच वापरा, ते एकटंच आणि खिडकी उघडी ठेवून.

माझा बांधावरचा रिठा आता चार वर्षांचा झाला, डोक्याच्या वर गेला, फळाचा पत्ता नाही. गिलक्याचं बी मात्र एका फळातून मूठभर निघतं. त्यातलं काळं, भरदार तेवढं निवडून सावलीत वाळवा, थोड्या राखेत घोळून डबीत भरा आणि डबीवर साल लिहून ठेवा.